चाइल्ड ऑब्जेक्ट दर फ्रेमला कशाला शोधायचा?

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वर महाराजांचे सात नंदीध्वज 68 लिंगांना तैलाभिषेक घालायला निघतात. या यात्रेवर इथल्याच मुलांनी मोबाइल गेम करावा, इतका तो विषय देखणा आहे. युनिटी या गेम इंजिनात असा गेम करायचा तर सात नंदीध्वजांचे सात ऑब्जेक्ट होतील आणि प्रत्येकाखाली ‘बाशिंग’ नावाचा चाइल्ड ऑब्जेक्ट असेल. चौथ्या नंदीध्वजाचे बाशिंग उजळायचे असेल, तर नवशिका सहसा ‘गेमऑब्जेक्ट डॉट फाइंड’ लिहितो, आणि तेही दर फ्रेमला चालणाऱ्या ‘अपडेट’मध्ये. इथे दोन चुका होतात. ही आज्ञा पालक न पाहता सगळ्या सीनमध्ये नाव धुंडाळते. सात बाशिंगांपैकी चौथेच हाती येईल याची खात्री नसते, आणि बंद ठेवलेला ऑब्जेक्ट तर तिला दिसतच नाही. शिवाय सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. त्यातला वेळ न हललेली वस्तू पुन्हापुन्हा शोधण्यात घालवणे मला गैर वाटते.

त्यापेक्षा चौथ्या नंदीध्वजाच्या ट्रान्सफॉर्मवरच ‘फाइंड’ चालवावे. ते बंद चाइल्डही शोधते, पण फक्त थेट खालच्या पातळीवर. आणखी खोल जायचे तर ‘काठी/बाशिंग’ असा मार्ग द्यावा लागतो. हा शोध ‘अवेक’मध्ये एकदाच घेऊन संदर्भ जपून ठेवावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे ‘सिरियलाइझफील्ड’ ठेवून एडिटरमध्येच बाशिंग जोडणे. ऑब्जेक्ट गेम चालू असताना तयार होत असतील तर काय जोडणार, असा आक्षेप नेहमी येतो. पण प्रीफॅबच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या तयार साच्याच्या, आत जोडलेला संदर्भ प्रत्येक प्रतीत तिच्या स्वतःच्या चाइल्डकडे वळतो. म्हणजे एकाच प्रीफॅबमधून सातही नंदीध्वज उभे केले, तरी प्रत्येकाला आपलेच बाशिंग मिळते.

आजचे फोन वेगवान आहेत आणि शिकणाऱ्याला आधी गेम चालता करू द्यावा, असे काही जण म्हणतात. लहान सीनमध्ये एखादा शोध जाणवत नाही, हे मान्य. पण स्वस्त फोनवर शेकडो ऑब्जेक्ट असले की असे अनेक शोध मिळून फ्रेम अडखळते. मला मात्र वेगापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. उद्या चित्रकाराने ‘बाशिंग’चे ‘बाशिंग_नवे’ केले, तर कंपायलर तक्रार करत नाही. ‘फाइंड’ मुकाट्याने नल परत देते आणि गेम ऐन खेळात फसतो. थेट जोडलेल्या संदर्भाला नावाशी देणेघेणेच नसते. महाराष्ट्राने 2025 मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण आणले आहे. त्याचा लाभ सोलापूरच्या मुलांना मिळायचा असेल, तर ही शिस्त पहिल्या प्रोजेक्टपासूनच लागायला हवी. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकाने एका चाइल्डचे नाव बदलून गेम पुन्हा चालवून पाहावा, आणि तो तरला तरच पूर्ण गुण द्यावेत.