अंगणाची निगा आणि रस्त्याची धूळ

एखाद्याला धूळ चारली, बेत धुळीस मिळाले, डोळ्यांत धूळ फेकली, असे आपण सहज बोलून जातो. धूळ म्हणजे क्षुद्र वस्तू, हा समज त्यामागे असतो. परंतु कच्च्या रस्त्यावरील धूळ इतक्या अनादरास पात्र नाही, असे आमचे मत आहे. ती धूळ म्हणजे रस्त्याचेच अंग होय. खडी व मुरूम यांना जखडून ठेवणारी माती चाकांखाली भरडली जाऊन वाऱ्यावर निघून जाते. मग खडे सुटे होतात आणि खड्डे पडू लागतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असे तिचे कण श्वासावाटे फुप्फुसांत उतरतात. सारांश, रस्त्यातून जे वजा होते ते पायी शाळेत येणाऱ्या मुलांच्या छातीत जमा होते.

आम्हां गोमंतकीयांस हा विषय नवा नाही. डिचोली, सांगे या भागांतील खाणपट्ट्यात खनिजवाहू ट्रकांच्या रांगांनी घरांवर, शेतांवर व झाडापेडांवर चढविलेला तांबडा थर आमच्या पिढीने पाहिला आहे. त्यावर टँकरने पाणी शिंपडण्याचा उपाय योजला जाई. उन्हाच्या दिवसांत ते पाणी काही तासांत सुकते आणि धूळ पुन्हा उडू लागते. अधिक ओतावे तर चिखल होतो. पाण्याने धूळ घटकाभर बसते, परंतु माती बांधली जात नाही.

माती बांधण्याची विद्या मात्र आमच्या घरांत होतीच. पावसाळा सरला की आमच्या आज्या अंगण नव्याने करीत. खडे वेचावयाचे, माती उकरून भिजवावयाची, ती बेताची ओली असतानाच चोपण्याने चोपावयाची आणि शेवटी शेणाने सारवावयाचे. पाणी निघून जावे म्हणून अंगणाला किंचित उतारही ठेवलेला असे. स्थापत्यशास्त्र तरी याहून निराळे काय सांगते? कोरडी माती दाबून बसत नाही, फार ओली झाल्यास दाबाखालून सरकते. ठरावीक ओलाव्यातच तिचे कण एकमेकांस घट्ट भिडतात. रस्त्यावर चोपण्याच्या जागी रूळ येतो, एवढाच भेद. रस्त्याची पाठ मध्ये उंच हवी, दोहों बाजूंस गटारे हवीत आणि खडी, वाळू व चिकणमाती यांचे प्रमाण साधले पाहिजे. माती फार चिकण असल्यास चुना व रेताड असल्यास सिमेंट मिसळून ती भक्कम करता येते. कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार हवेतील ओलावा शोषून रस्ता दमट ठेवतात. परंतु आमच्याकडील मुसळधार पावसात ते वाहून जावयाचे आणि शेताविहिरींत उतरावयाचे, हे विसरून चालणार नाही.

धूळ बसविण्याची घाई केव्हा केव्हा धुळीहूनही घातक ठरते. अमेरिकेतील मिसूरी राज्यात टाइम्स बीच नावाचे गाव होते. १९७० नंतरच्या दशकात तेथील कच्च्या रस्त्यांवर टाकाऊ तेल फवारण्यात आले. त्या तेलात डायॉक्सिन हे विष मिसळलेले होते. १९८३ साली शासनाने गाव विकत घेण्याचा निर्णय केला आणि पुढे ते ओस पडले. गॅरेजमधील जळके तेल रस्त्यावर ओतण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

‘आज ना उद्या डांबर पडेलच, मग हा खटाटोप कशाला?’ असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, डांबराखालीही मातीच असते. ती नीट दाबलेली नसेल आणि गटारे तुंबलेली असतील, तर वरचा काळा थर दोन पावसाळेही तग धरीत नाही. शिवाय वाड्यावाड्यांच्या पाणंदींपर्यंत आणि शेतांच्या वाटांपर्यंत डांबर पोहोचेतो आजच्या मुलांनी धूळच खावी काय?

अंगण आमचे आणि रस्ता सरकारचा, ही वाटणीच या दुखण्याचे मूळ आहे. पावसाळ्यापूर्वी गटारे उपसली काय, पाऊस ओसरताच ओल असताना रूळ फिरला काय, वस्तीतून जाणाऱ्या वाहनांचा वेग आवरला काय, हे तीन प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत. विद्यार्थिमित्रहो, तेथे बोलण्याचे तुमचे वय अजून झालेले नाही. परंतु हे प्रश्न घरी आईवडिलांना विचारण्यास कोणाचीच हरकत नसावी.