फाटकावरचा हॉर्न: सवय झाली म्हणजे त्रास संपला का?

"डॉक्टर, आता सवय झालीय हो!" रेल्वे फाटकाजवळ राहणारे रुग्ण हे वाक्य मला हमखास ऐकवतात. रक्तदाब वाढलेला, दुपारी बसल्या जागी डुलकी, घरात चिडचिड. पण हॉर्नची मात्र सवय झालेली!

मला हे मुळीच मान्य नाही. सवय होते ती फक्त जाग न येण्याची. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. झोपेतही मेंदू ऐकतच असतो. मोठा आवाज आला की अ‍ॅड्रिनॅलिन स्रवतं, नाडी जलद होते, रक्तदाब क्षणभर चढतो, गाढ झोप उथळ होते. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. वर्षानुवर्षं रोज रात्री हेच होत राहिलं तर रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढू शकतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण ती सरासरी! पंधरा सेकंदांचा हॉर्न रात्रभराच्या सरासरीत लपून जातो. झोपलेल्या माणसाचं हृदय सरासरी काढत बसत नाही.

मग आमच्या भागातल्या मंडळींनी "रात्री हॉर्न बंद करा" असं निवेदन आणलं तेव्हा मी सही का केली नाही? काही जण अजून रागावलेले आहेत. पण हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेलाय. फ्लोरिडात १९८४ नंतर एका रेल्वेमार्गावर अनेक गावांनी रात्रीचा हॉर्न बंद करवला. त्या फाटकांवरचे रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झाले आणि १९९१ मध्ये केंद्रीय रेल्वे प्रशासनाला हॉर्न पुन्हा सुरू करायला लावावा लागला. २००५ पासून तिथे वेगळा नियम आहे: वाहन वळसा घालून घुसूच शकणार नाही अशी पूर्ण रस्ता अडवणारी फाटकं किंवा मधला दुभाजक गावाने बांधावा, मग नेहमीचा हॉर्न थांबतो. आणीबाणीत चालक तरीही वाजवू शकतोच.

आपल्याकडे रुळांकाठी 'सी/फा' लिहिलेली पाटी दिसली की लोको पायलटला शिट्टी द्यावीच लागते. समोर रुळांवर माणूस दिसला की तो ती सोडतच नाही. आणि माणूस तर नेहमीच दिसतो! हॉर्नची तक्रार घेऊन आलेले एक गृहस्थ त्याच संध्याकाळी बंद फाटकाखालून स्कूटर आडवी करून काढताना मी पाहिले. त्यांना कुठली गोळी देऊ?

तोवर रुळांकडच्या खोलीत लहान मुलांना आणि हृदयरुग्णांना झोपवू नका, इतकंच आपल्या हातात आहे. खरा उपाय उड्डाणपूल. आमच्याकडे रुळांवरचा भाग बांधून तयार आहे, दोन्ही बाजूंचे जोडरस्ते नाहीत. निवेदनात पहिली मागणी जोडरस्त्यांची आणि नंतर फाटक कायमचं बंद करण्याची टाका. मी सही करतो, सोबत लागेल तो वैद्यकीय अभिप्रायही लिहून देतो.