किल्ल्यांचा जुडगा

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय. टंकनाच्या चुका पोटात घाला. आणि भाचेबुवा, तुम्हीही वाचा. हे तुमच्यावर आहे, पण फक्त तुमच्यावर नाही.

माझ्या उबुंटूवाल्या कॉम्प्युटरवर दोन खाती होती. एक माझं, एक हिचं. ही जाऊन तीन वर्षं झाली, पण खातं मी तसंच ठेवलं होतं. माहेरच्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या तिने त्यात टंकून ठेवल्या होत्या. माझ्या खात्यातून त्यात काही बदलायला गेलं तर कॉम्प्युटर परवानगी नाकारायचा. मला ते आवडायचं. तिच्या कपाटाला तिचंच कुलूप!

भाच्याने मला बॅकअपसाठी एक स्क्रिप्ट लिहून दिली. चित्रावर टिचकी मारली की बाहेरची डिस्क जोडून घ्यायची, तिच्यावरची जुनी प्रत पुसायची आणि माझ्या लेखनाची नवी प्रत ठेवायची. यातल्या डिस्क जोडण्यापुरताच काय तो प्रशासकाचा, म्हणजे 'रूट'चा, अधिकार लागत होता. पण याने अख्खी स्क्रिप्टच 'सुडू'ने चालवली. वर पासवर्डही विचारू नये अशी सोय केली. "मामा, कशाला रोज पासवर्डची कटकट?"

एके दिवशी डिस्कची वायर सैल होती. डिस्क सापडली नाही आणि स्क्रिप्टमध्ये तिचा पत्ता भरायची जागा रिकामी राहिली. 'या पत्त्याखालचं सगळं पूस' या आज्ञेतला पत्ताच गेला. उरलं काय, तर 'मुळापासून सगळं पूस'! रूटला कोण अडवणार? माझं लेखन डिस्कवरच्या जुन्या प्रतीत वाचलं. हिच्या ओव्या गेल्या. जी स्क्रिप्ट तिच्या फोल्डरची प्रत घ्यायला कधी गेली नाही, ती पुसायला मात्र गेली...

भाचा म्हणतो, "मामा, चूक एका ओळीची होती." नाही रे बाबा. चुका मीही फळ्यावर चाळीस वर्षं केल्या. तीच ओळ माझ्या साध्या खात्यातून चालली असती तर माझं पुसलं असतं, पण हिच्या दारावरून परत फिरली असती. चूक ओळीची, पण अनर्थ अधिकाराचा.

हे फक्त आमच्या घरचं रडगाणं नाही. २०११ साली लिनक्सवरच्या 'बम्बलबी' या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक स्पेस जास्त पडली आणि एका उपफोल्डरऐवजी अख्खा 'यूएसआर' फोल्डर पुसण्याची आज्ञा तयार झाली. कॉम्प्युटरवरचे बहुतेक प्रोग्रॅम त्यातच असतात! आणि इन्स्टॉल करायचं म्हणून स्क्रिप्ट चालायची ती रूटच्या अधिकाराने.

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय की, प्रत्येक प्रोग्रॅमला कामापुरताच अधिकार द्यावा. आमच्या शाळेत हे शिपायालाही कळायचं. प्रयोगशाळेचं कपाट उघडायचं तर त्या कपाटाची किल्ली मिळायची, अख्ख्या शाळेचा जुडगा नाही.

"मग आपोआप कसं चालणार?" हा भाच्याचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर सुडूतच आहे. त्याच्या नियमांत एखाद्या खात्याला एकच आज्ञा, पूर्ण पत्त्यासकट, पासवर्डशिवाय चालवू देता येते. तेवढीच द्यावी. बाकीची स्क्रिप्ट साध्या अधिकाराने चालू द्यावी. रूटच्या अधिकाराने चालणारी फाईल दुसऱ्या कुणाला बदलता येऊ नये. आणि पुसण्याआधी पत्ता रिकामा नाही ना, हे एका ओळीत तपासता येतं. एवढाही कंटाळा?

माकडाच्या हाती कोलीत म्हणतात. पण माकड निदान चटका बसल्यावर ते टाकून तरी देतं. स्क्रिप्टला चटकाही बसत नाही.

असो. भाच्यावर राग नाही. तोही तिचा लाडकाच होता, आणि ते ऐकून माझ्याआधी त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. एकच विनंती. नातेवाइकांपैकी कुणाला हिने ईमेलने ओव्या पाठवल्या असतील तर मला परत पाठवा. पुन्हा टंकायला बसतोय. वेगळ्या खात्यात. आता दर वेळी पासवर्ड विचारला तरी चालेल.