पुत्रहट्ट आणि आटोपशीर कुटुंब

गिरगाव-लालबागच्या चाळींत एकेका बिऱ्हाडात पूर्वी पाच-सहा पोरे नांदत आणि आज दादर-परळच्या इमारतींत एकदोन अपत्यांवर संसार आटोपतो, एवढ्यावरून पुत्राचा हट्ट निमाला असा निर्वाळा देणारे विद्वान आपल्याकडे थोडे नाहीत. परंतु जनगणनेच्या दफ्तरापुढे हा निर्वाळा टिकत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. कुटुंब आखडत गेले त्याच काळात मुलीही घटत गेल्या.

यावर दुसरा पक्ष म्हणतो, मुलगा होईतो पाळणा हलता ठेवण्याच्या जुन्या रीतीचाच हा परिणाम. हिशेब मांडून पाहावा. जन्मास मुलगा-मुलगी ढोबळमानाने समसमान धरून सोळा दांपत्यांनी ही रीत पाळली, तर सरासरीने आठ घरे पहिल्याच मुलग्यावर थांबतील, चार एका मुलीनंतर, दोन दोघींनंतर, एक तिघींनंतर, आणि उरलेल्या एका घरात मुलींची रांग चार-पाचांवर जाईल. एकंदर मुलगे सोळा, मुलीही सोळाच. प्रमाण बिघडत नाही, वाटणी बिघडते: आठ मुलगे एकुलते, मुलगी एकही एकुलती नाही, आणि दहा बाय बाराच्या खोलीतली दूध, फी, अंथरुणाची ओढाताण तिच्याच वाट्यास. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’ असे नाव ठेवलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे द्यावी लागली, ती उगाच नव्हे.

प्रमाण बिघडले ते गर्भजलपरीक्षा आणि सोनोग्राफी हाती आल्यावर. गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, हे भूषण की कबुलीजबाब, ज्याचे त्याने ठरवावे. पूर्वी जो हट्ट कुटुंब वाढवून पुरविला जाई, तो आता गर्भ पारखून पुरविला जाऊ लागला.

म्हणून संततिनियमनालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणेही अन्यायाचे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ते स्त्रीची लादलेल्या बाळंतपणांतून सुटका व्हावी म्हणून. मुलींची छाननी त्यांच्या खात्यावर मांडता येत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, सरकारी अहवालांनी घरटी अपत्ये मोजून समाधान मानू नये, शेंडेफळ मुलगा की मुलगी हेही विचारावे, आणि दोन मुलग्यांवर थांबलेल्या घरांशेजारी दोन मुलींवर थांबलेल्या घरांचा आकडा छापावा.