परसबागेत मेथी लावाच, पण खरबुजाचा एक वेलही लावा



'माझी परसबाग' या विषयावर दहा ओळी लिहा म्हटलं की चौथीची मुलं पाच मिनिटांत वही पुढे करतात. माझ्या बागेत गुलाब आहे, मोगरा आहे, मी रोज झाडांना पाणी घालतो. यातल्या निम्म्या मुलांच्या घरी परस तर सोडाच, खिडकीत कुंडी ठेवायलाही जागा नसते. आपली भिवंडी यंत्रमागांची. चाळीतली एक खोली, बाहेर मागांचा खडखडाट आणि नळाला ठरावीक वेळेलाच पाणी. मुलं खोटारडी नाहीत हो, आपणच त्यांना लिहायला खरं काही दिलेलं नसतं.

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत शाळेने परसबाग करावी असं आता सांगितलेलंच आहे. बहुतेक ठिकाणी मेथी, कोथिंबीर, पालक लावतात. महिना-दीड महिन्यात भाजी तयार होते, फोटो निघतो, अहवाल जातो. त्याला माझा विरोध नाही, खिचडीत ताजी मेथी पडली तर वाईट काय आहे! पण पालेभाजी आपण फुलावर यायच्या आधीच खुडतो. फूल, फळ, बी हे चक्र मुलांना दिसतच नाही. ते खरबुजाच्या वेलावर साधारण तीन महिन्यांत डोळ्यांसमोर घडतं. म्हणून शाळेच्या गच्चीत, नाहीतर घरच्या गॅलरीत, लहान फळांचं खरबूज नाहीतर आपलं कोकणातलं चिबूड एकदा लावून बघाच.

माझ्या मते खरा धडा फुलांचा आहे. वेलाला आधी नुसती नर फुलं येतात. पिवळी, दिसायला छान, आणि एक-दोन दिवसांत गळून पडतात. मुलं हिरमुसतात, "मॅडम, झाड मेलं का?" असं विचारतात. इथे लगेच उत्तर देऊ नका. आठ-दहा दिवस जाऊ द्या. मग एखादं फूल वेगळं दिसतं, त्याच्या पाठीमागे मण्याएवढी केसाळ गाठ असते. ती गाठ म्हणजे होणारं फळ. फरक मुलांनीच शोधला तर परागीभवन हा शब्द पाठ करून घ्यावा लागत नाही. भर वस्तीत मधमाश्या कमी येतात, म्हणून सकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि त्यातले परागकण गाठीच्या फुलात हलकेच लावायचे. हे काम मुलांना द्या. दोन-चार दिवसांत गाठ फुगली तर जमलं. पिवळी पडून गळली तर उद्या दुसरं फूल.

लागवडीचं फार अवघड नाही. पंधरा-अठरा इंचांची कुंडी किंवा तेवढीच पिशवी, माती आणि शेणखत किंवा कंपोस्ट, तळाला भोकं. बी बोटाच्या पेराएवढं खोल, दोन-तीन टाकून जोमदार रोप एकच ठेवायचं. दिवसाला सहा तास तरी ऊन हवं. सावलीतल्या गॅलरीत वेल वाढेल, फळ धरणार नाही. वेल काठीवर किंवा दोरीवर चढवला तर जागा लागत नाही, मात्र फळ वजनदार झालं की जुन्या ओढणीची झोळी बांधा. एका वेलावर दोन-तीनच फळं ठेवा. फळमाशी डंख मारते म्हणून कोवळं फळ कागदात गुंडाळा. आणि पाणी नळाचंच. रंगाऱ्यांच्या कारखान्यांजवळच्या नाल्याचं पाणी खायच्या वस्तूला अजिबात नको.

आता वेळेचं बोलू, कारण नेमकं इथेच बहुतेकांचं फसतं. खरबूज उन्हाळी पीक, म्हणून लोक मार्चमध्ये बी टाकतात. मग फळ पिकतं ऐन सुट्टीत. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं तेव्हा उत्तर प्रदेशात नाहीतर तेलंगणात गावी गेलेली असतात. ज्याने तीन महिने पाणी घातलं त्यालाच फळ दिसू नये, हा मला अन्याय वाटतो. बी जानेवारीच्या अखेरीपर्यंत पडलं तर एप्रिलमध्ये, शाळा चालू असतानाच, फळ हाती येतं. चिबडाचं आणखी सोपं. जूनमध्ये शाळा उघडली की बी लावायचं, गणपतीच्या सुमारास फळ. कोकणात बाप्पाच्या माटवीला चिबूड टांगतात, तेव्हा सणाचा धडाही आपोआप होतो.

भिवंडीच्या वर्गात याचा आणखी एक फायदा आहे. तेलुगू घरातल्या मुलाला आमटीत घालायची पिवळी दोसकाय माहीत असते, उर्दू-हिंदी बोलणारा खरबूजा म्हणतो, कोकणातला चिबूड. तिन्ही एकाच जातीची भावंडं, शास्त्रीय नावही एकच. आणि आपण ज्याला भाऊ समजतो ती काकडी मात्र चुलत! परिसर अभ्यासाच्या तासाला आणखी काय हवं?

काही पालक म्हणतात, यात अभ्यास कुठे आहे? त्यांनी पेराची तारीख, पहिलं फूल, वेलाची दर आठवड्याची लांबी हे सगळं मुलाच्या हाताने लिहून घ्यावं. मोजमाप, तक्ता आणि निबंध त्यातच निघतो. फक्त फळ आलं नाही तर गुण कापू नका आणि बाजारातून खरबूज आणून फोटोही काढू नका. का आलं नाही हे मुलाला लिहू द्या. तो निबंध गुलाब-मोगऱ्याच्या दहा ओळींपेक्षा कधीही चांगला.

फळ कधी तोडायचं हे कॅलेंडर बघून ठरवू नका. रंग बदलतो, देठाजवळ चीर पडते, वास सुटतो, हलक्या हाताने फळ देठापासून सुटतं. चिबूड तर पिकलं की स्वतःच तडकतं. तोडण्याआधी चार-पाच दिवस पाणी कमी केलं की गोडी वाढते. गावठी चिबडाचं बी धुऊन, राखेत घोळवून, सावलीत वाळवून पुढच्या जूनसाठी ठेवा. बाजारातल्या संकरित खरबुजाचं बी मात्र दुसऱ्या वर्षी तसंच फळ देईल याचा भरवसा नाही. एक फळ चाळीस मुलांत वाटायचं म्हणजे प्रत्येकाला बोटभर फोड येणार. ती कापायचं काम चौथीला द्या, आणि बिया मोजायचं दुसरीला.