गोळीच्या पोटात

आमच्या परभणीच्या घरात औषध आणि सहाण यांचे नाते फार जुने. लहानपणी ज्या सहाणेवर माझ्यासाठी मात्रा उगाळली जाई, तिच्यावरच गेल्या वर्षी मी आईची रक्तदाबाची गोळी उगाळली. तिला ती गिळवेना. मधातून चाटवली तर बिघडले कुठे, असा माझा हिशेब. थोड्या वेळाने आई घामाने डबडबली आणि उठायला गेली तो भोवळ येऊन पडली.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "सर, गोळी फोडून दिलीत का?"

ती गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळणारी होती. चोवीस तासांचे औषध मी एका चाटणात देऊन मोकळा झालो होतो! आई दोन दिवसांत सावरली. मी मात्र गोळीच्या पोटात असते तरी काय, याच्या शोधाला लागलो.

क्ष-किरणांनी औषधात डोकावणे तसे नवे नाही. राँटगेनने १८९५ साली या किरणांनी पत्नीच्या हाताची हाडे पाहिली. १९४५ साली डोरोथी हॉजकिन यांनी त्यांच्याच साहाय्याने पेनिसिलिनच्या स्फटिकातील अणूंची मांडणी उलगडली. तेच पेनिसिलिन बनविण्यासाठी १९५४ साली आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला.

आता तर अख्खी गोळीच क्ष-किरणांसमोर ठेवतात. ती किंचित किंचित फिरवून शेकडो छायाचित्रे घेतात. संगणक ती जुळवतो आणि सुरी न लावता गोळीचे काप डोळ्यांपुढे येतात. आवरण कुठे पातळ, तडा कुठे, हवेची पोकळी कुठे, सारे दिसते. एखाद्या गोळीचे आवरण जठरातल्या आम्लाला दाद देत नाही, आतड्यात गेल्यावरच विरते. एखादीचा गाभा पाण्याने फुगून औषध सावकाश सोडतो. एका जातीच्या गोळीला तर लेसरने पाडलेले बारीक छिद्र असते, त्यातून औषध झिरपते.

हे सारे मी आईला पाऊण तास समजावले. ती म्हणाली, "म्हणजे करंजीच की रे! तळताना फुटली, की सारण तेलात."

डॉक्टरांनी आता तिला गिळवेल अशी दुसरी गोळी दिली आहे. सहाण देवघरात गेली, चंदनापुरती. वाचकहो, गोळी फोडण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारा. मी विचारले नव्हते.