बोलतं करण्याचं मोल



मूल बोलायला शिकतं ते आईच्या कडेवर. म्हणून बोलायला शिकवणं हे बाईचं उपजत काम, त्याचे वेगळे पैसे कशाला, असं सहज मानलं जातं. ब्रिटनमधल्या वाचा-उपचाराचा इतिहास वाचताना हेच गृहीत मला आडवं आलं.

एल्सी फोगर्टी या शिक्षिकेने १९०६ साली लंडनमध्ये उच्चार आणि नाट्य शिकवणारी ‘सेंट्रल स्कूल’ काढली. रंगभूमीसाठी आवाज घडवता घडवता सेंट थॉमस रुग्णालयात वाचादोषांवरचे उपचारही त्यांनी हाती घेतले. १९४५ मध्ये दोन संघटना एकत्र येऊन ‘कॉलेज ऑफ स्पीच थेरपिस्ट्स’ उभं राहिलं. तोतरेपणा, दुभंगलेली टाळू, पक्षाघाताने गेलेली वाचा यांवर काम करायला आता अभ्यासक्रम आला, परीक्षा आली. शिकून येणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या.

पदवी मिळाली, पण मोल मिळालं नाही. १९८६ मध्ये वाचा-उपचारतज्ज्ञ पामेला एन्डरबी यांनी आपल्या आरोग्य प्राधिकरणाविरुद्ध दावा लावला. त्यांची तुलना दुसऱ्या वाचातज्ज्ञाशी नव्हती. त्याच सेवेतल्या, तेवढ्याच जबाबदारीच्या पदांवरच्या मानसतज्ज्ञांना आणि औषधनिर्मात्यांना, म्हणजे मुख्यतः पुरुषांना, जास्त पगार का, असा त्यांचा सवाल होता. प्रत्येक व्यवसायाच्या पगाराची बोलणी वेगळी होतात, हे मालकांचं उत्तर. ऑक्टोबर १९९३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, तेवढं कारण पुरेसं नाही. तरी लढा संपायला १९९७ उजाडलं. अकरा वर्षं!

आपल्याकडे काय? १९७६ चा समान वेतन कायदा ‘समान किंवा तशाच स्वरूपाच्या’ कामाची भाषा करत होता, आणि २०१९ ची वेतन संहिताही तीच भाषा करते. जे काम फक्त बायकाच करतात, त्याची तुलना करायची कोणाशी? अंगणवाडीताई आणि आशाताई यांच्या हाती ‘मानधन’ पडतं, कारण त्यांचं काम ‘सेवा’ ठरवलं गेलं आहे.

कबूल करते, बैठकांमधून ‘सेवाभावी’ हा शब्द मीही कौतुकाने वापरला आहे. त्या शब्दामागे पगाराचा प्रश्न झाकला जातो, हे उशिरा कळलं.

तुमच्या गटात एवढंच करा. एखाद्या आशाताईच्या दिवसभराच्या कामाची यादी तिच्यासोबत बसून लिहा: त्यातलं कौशल्य, जबाबदारी, धोका, तास. मग त्याच आरोग्य खात्यात एवढीच जबाबदारी उचलणाऱ्या पुरुषाचा पगार शेजारी मांडा. आपली मागणी तिथून सुरू होईल.